लायसन्स निलंबित झालं. कोर्टात जाण्याआधी वकील गाठावा का?

प्रश्न : मी एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे. गेल्या पावसाळ्यात एका लँडिंगला अ‍ॅप्रोच स्टेबल नव्हता (उतरतानाचा वेग, उंची ठरल्या मर्यादेत नव्हती), तरी गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर जाणं, झालं नाही. विमान कॅप्टन उडवत होते, मी पायलट मॉनिटरिंग, म्हणजे लक्ष ठेवून सूचना देणारा, होतो. गो-अराउंडचा कॉल मी दिला होता. पुढे कारणे दाखवा नोटीस आली, तिला मी स्वतःच दीड पानी उत्तर दिलं. बारा दिवसांपूर्वी सहा महिन्यांच्या निलंबनाची ऑर्डर ईमेलवर आली. एक मित्र म्हणतो, हायकोर्टात स्वतःच पिटिशन टाक, वकिलाची गरज नाही. सासरे म्हणतात, सरळ नुकसानभरपाईचा दावा ठोक. वकील आत्ताच करावा, की कोर्टात जायचं नक्की झाल्यावर? घराचा हप्ता चालू आहे, त्यामुळे फीचाही विचार करावा लागतो.
— एक फर्स्ट ऑफिसर, नागपूर

उत्तर : वकील आत्ताच गाठा, याच आठवड्यात. मात्र जाताना ‘केस टाकायची आहे’ असं ठरवून जाऊ नका. तुम्हाला आत्ता हवी आहे ती तासा-दीड तासाची एक बैठक, ज्यात वकील तुमची ऑर्डर, नोटीस आणि तुमचं दीड पानी उत्तर वाचेल आणि तीन गोष्टी सांगेल : अपील कुणाकडे, शेवटची तारीख कोणती, आणि तुमच्या उत्तरातलं कोणतं वाक्य तुमच्याच अंगाशी येणार आहे. कोर्टाचं पुढचं पुढे. ऑर्डर बरोबर की चूक, हे कागद पाहिल्याशिवाय आम्ही सांगणार नाही, आणि कागद न पाहता सांगणाऱ्या वकिलाकडेही तुम्ही थांबू नका.

आधी सासऱ्यांचा सल्ला बाजूला ठेवू, कारण तो सर्वात महागात पडेल. सरकारविरुद्ध दिवाणी दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर २ महिने थांबावं लागतं. तातडीचा दिलासा हवा असेल तर कोर्टाच्या परवानगीने नोटिशीशिवाय दावा दाखल करता येतो, पण ती परवानगी मागून मिळवावी लागते. दाव्यात प्रतिवादी म्हणून ‘युनियन ऑफ इंडिया’ घालावी लागते; नुसतं ‘डीजीसीए’ (नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) लिहून भागत नाही. तुमचं निलंबन सहा महिन्यांचं. त्यातले दोन नोटिशीत गेले, दावा दाखल होऊन समन्स बजावण्यात आणखी काही, म्हणजे समोरच्याचं लेखी म्हणणं येईपर्यंत तुम्ही पुन्हा कॉकपिटमध्ये बसलेले असाल. भरपाईचं तर आणखी अवघड. १९३४ चा जुना विमान कायदा घ्या किंवा १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ घ्या; सद्भावनेने केलेल्या कृतीला दोन्हींत संरक्षण आहे. नियामकाचा निर्णय चुकला एवढं दाखवून पैसे मिळत नाहीत. तो आकसाने घेतला हे सिद्ध करावं लागतं, आणि बहुतेकांच्या हातात त्याचा पुरावा नसतो.

मित्राचा सल्ला त्यामानाने बरा आहे, म्हणून त्यावर जरा थांबू. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली हायकोर्टात रिट, म्हणजे सरकारी आदेशाला आव्हान देणारी याचिका, करता येते आणि त्याला दोन महिन्यांची नोटीस लागत नाही, हे खरं. पण कोर्ट पहिला प्रश्न विचारतं तो हा : अपील केलंत का? नव्या अधिनियमात डीजीसीएच्या आदेशांविरुद्ध केंद्र सरकारकडे अपिलाची वाट आहे. दंडाच्या प्रकरणांत तर अपिलाचे दोन टप्पे आहेत. तुमची ऑर्डर कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने, कोणत्या नियमाखाली काढली, यावर अपील कुठे जाईल ते ठरतं. १९३७ च्या एअरक्राफ्ट रूल्समध्ये लायसन्स निलंबित करण्याचा अधिकार नियम १९ मध्ये आहे. ऑर्डरच्या पहिल्या परिच्छेदात आणि सहीखाली हे सगळं लिहिलेलं असतं, आणि घाईत नेमकं तेच कुणी वाचत नाही. मुदत ३० दिवसांची धरून चाला आणि ती ईमेल उघडल्याच्या दिवसापासून न मोजता ऑर्डरवरच्या तारखेपासून मोजा. नियमात जास्त दिवस निघाले तर उत्तमच. ईमेल येऊनच बारा दिवस गेलेत, म्हणजे आमच्या हिशेबाने तुमच्याकडे जास्तीत जास्त अठरा उरलेत.

अपील न करता थेट रिट टिकते ती काही ठरावीक परिस्थितींत. सर्वोच्च न्यायालयाने व्हर्लपूल कॉर्पोरेशनच्या निकालात (१९९८) त्या सांगितल्या आहेत : मूलभूत हक्काचा भंग, नैसर्गिक न्यायाचा भंग (म्हणजे बाजू ऐकून न घेणं वगैरे), अधिकार नसताना काढलेला आदेश, किंवा खुद्द कायद्याच्या वैधतेलाच आव्हान. तुमच्याबाबतीत यातलं काही आहे का, हे पाहायला प्रशिक्षित डोळा लागतो. ‘मला ऐकून घेतलं नाही’ असं प्रत्येक पायलटला वाटतं. पण नोटीस मिळाली, उत्तर दिलं, ते ऑर्डरमध्ये नमूद झालं, तर कोर्टाच्या दृष्टीने बहुतेकदा ऐकून घेतलेलं असतं. उलट नोटिशीत एक आरोप आणि ऑर्डरमध्ये शिक्षा दुसऱ्याच आरोपाची, असं असेल तर तो भक्कम मुद्दा आहे. ऑर्डरमध्ये कारणंच नाहीत, फक्त ‘उत्तर समाधानकारक नाही’ एवढंच वाक्य आहे, हाही मुद्दा आहे. मोहिंदर सिंग गिल प्रकरणात (१९७८) घालून दिलेला नियम असा, की आदेश त्यातच लिहिलेल्या कारणांवर उभा राहिला पाहिजे. नंतर अ‍ॅफिडेव्हिटमध्ये नवी कारणं जोडून तो सावरता येत नाही. म्हणून नोटीस आणि ऑर्डर शेजारी ठेवून, आरोपामागून आरोप, पेन्सिलने जुळवून पाहा. बैठकीला जाण्याआधी हे काम तुम्ही घरीच करू शकता.

आता तुमच्या पत्रातला खरा कळीचा मुद्दा : ‘गो-अराउंडचा कॉल मी दिला होता.’

हे वाक्य तुम्हाला वाचवेल असं तुम्हाला वाटतंय. ते तुम्हाला बुडवूही शकतं. तुम्ही कॉल दिला, याचा दुसरा अर्थ असा की अ‍ॅप्रोच स्टेबल नाही हे तुम्हाला वेळेत कळलं होतं. मग पुढचा प्रश्न येतो : कॅप्टनने प्रतिसाद दिला नाही तेव्हा तुम्ही काय केलं? दुसऱ्यांदा कॉल दिला? कंट्रोल्स घेतले? उत्तर न मिळाल्यास मॉनिटरिंग पायलटने कोणत्या क्रमाने काय करायचं, हे कंपनीच्या एसओपीत (ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीत) लिहिलेलं असतं, आणि नोटीस काढणाऱ्याने ते पान उघडूनच ठेवलेलं असतं. तुमच्या दीड पानी उत्तरात ‘मी कॉल दिला, पण कॅप्टननी ऐकलं नाही’ एवढंच असेल, तर ते अर्धा बचाव आणि अर्धी कबुली आहे. कॉल किती फुटांवर दिला, त्यानंतर टचडाउनपर्यंत किती सेकंद होते, त्या उंचीवर कंट्रोल्स हिसकावणं जास्त धोक्याचं ठरलं असतं का, हे सगळं उत्तरात यायला हवं होतं. वकील खरं म्हणजे त्या टप्प्यावर हवा होता. पण त्या टप्प्यावर वकील कोणीच करत नाही, तेव्हा त्यावर हळहळत बसू नका. अपिलात ही पोकळी भरता येते. जे बोललाच नाही ते पहिल्यांदा रिटमध्ये आणलं, तर मात्र कोर्ट ‘हे आधी का नाही सांगितलं’ असं विचारणार.

कॉलचा पुरावा कुठे आहे, तेही पाहू. फ्लाइट डेटा रेकॉर्डरमध्ये वेग, उंची, थ्रस्ट, फ्लॅप्स, गिअर हे सगळं येतं. तुमचा आवाज येत नाही. आवाज कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरमध्ये, आणि आज उडणाऱ्या बऱ्याच विमानांत त्याची क्षमता २ तासांची आहे. विमानाने पुढची दोन-तीन उड्डाणं केली की तुमचा कॉल पुसला गेला. अशा घटना अनेकदा फ्लाइट डेटा मॉनिटरिंगमध्ये, म्हणजे उड्डाणांच्या डेटाच्या नेहमीच्या तपासणीत, काही दिवसांनी उघड होतात, तोवर व्हॉइस रेकॉर्डिंग राहिलेलंच नसतं. ते काढून ठेवलं गेलं असेल तरी त्याची प्रत पायलटच्या हातात सहसा पडत नाही, कारण त्याच्या वापरावर बंधनं आहेत. पण ‘माझा कॉल रेकॉर्डिंगमध्ये आहे, ते ऐकावं’ अशी लेखी मागणी अपिलात करता येते, आणि मागणी दुर्लक्षिली गेली तर तो पुढे मुद्दा होतो. एअर ट्रॅफिक कंट्रोलच्या रेकॉर्डिंगबाबतही तेच. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ती किमान ३० दिवस ठेवतात. पावसाळ्यातली घटना असेल तर कुणी जपून ठेवायला सांगितल्याशिवाय ती आता मिळेल अशी आशा धरू नका.

मग उरतं काय? त्या रात्री तुम्ही भरलेला सेफ्टी रिपोर्ट. कंपनीच्या सेफ्टी विभागात दिलेलं स्टेटमेंट. कॅप्टनचं स्टेटमेंट. यात कॉलचा उल्लेख आहे का, हे सर्वांत आधी तपासा. घटनेनंतर लगेच लिहिलेल्या एका ओळीचं वजन सहा महिन्यांनी लिहिलेल्या पाच पानांपेक्षा जास्त असतं. दमलेल्या अवस्थेत, ड्युटी संपल्यावर, ‘हे फक्त अंतर्गत आहे’ असं म्हणून घेतलेलं स्टेटमेंट बऱ्याचदा पुढे मुख्य कागद ठरतं. त्याची प्रत तुमच्याकडे नसेल तर आजच कंपनीला ईमेल करा. त्याच ईमेलमध्ये फ्लाइट डेटा, रोस्टर, ड्युटी-टाइमची नोंद, लोड शीट, टेक लॉगची पानं आणि तेव्हा लागू असलेली एसओपीची आवृत्ती जपून ठेवण्याची विनंती करा. ‘लागू असलेली आवृत्ती’ हे शब्द मुद्दाम वापरा; घटनेनंतर एसओपी बदललेली असते आणि लोक नव्या पानावरून वाद घालत बसतात.

नियामकाच्या फायलीवरच्या टिप्पण्या आणि तपास अहवाल माहितीच्या अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, अर्ज ऑनलाइन होतो, वकील लागत नाही. तपास चालू असल्याचं कारण देऊन कधी नकार येतो; पण तुमच्या प्रकरणात अंतिम ऑर्डर निघालेली आहे, तेव्हा पहिल्या अपिलात ‘आता कोणत्या तपासाला बाधा येते’ हे विचारता येतं. फक्त या उत्तराची वाट पाहत मूळ अपील लांबवू नका. अपील आधी दाखल करा आणि ‘कागदपत्रं मिळाल्यावर पुरवणी मुद्दे मांडण्याची मुभा असावी’ अशी ओळ शेवटी टाका. अपिलातच समक्ष सुनावणी मागा, आणि वकील सोबत आणण्याची परवानगीही लेखी मागा, कारण ती हक्काने मिळेलच असं नाही. अपील ईमेलने पाठवा, स्पीड पोस्टानेही पाठवा, आणि दिल्लीत कुणी असेल तर हातोहात देऊन आवक शिक्क्याची पोच घ्या. तीनही करा. मुदतीचा वाद झाला की शिक्काच बोलतो.

स्टेबद्दल स्पष्ट बोलू, कारण हायकोर्टाचं नाव काढलं की सगळ्यांच्या मनात तोच असतो. निलंबनाला स्थगिती मिळाली तर तुम्ही केस जिंकल्यातच जमा, कारण सहा महिने निघून गेल्यावर उरतं ते फक्त रेकॉर्डवरचा डाग पुसण्याचं काम. (तेही महत्त्वाचं आहे, पुढे कॅप्टनपदासाठी किंवा दुसऱ्या कंपनीत अर्ज करताना विचारणा होते.) पण प्रवाशांच्या सुरक्षिततेचा विषय आला की कोर्ट तज्ज्ञ संस्थेच्या निर्णयात हात घालायला कचरते. ‘माझा पगार बुडतोय’ हे एका पारड्यात आणि ‘विमानातले दोनशे लोक’ दुसऱ्या पारड्यात, अशी मांडणी झाली तर तुमचं पारडं वर जाणार. स्थगिती मिळते ती आदेशात उघड कायदेशीर खोट असेल तेव्हा. त्यापेक्षा हाताला लागण्यासारखी मागणी वेगळी आहे : अपील दाखल केलं, आठवडे गेले, निर्णय नाही, तर ‘अपील अमुक आठवड्यांत निकाली काढा’ असा आदेश हायकोर्टाकडून मागता येतो. ही रिट छोटी असते, खर्च कमी, आणि कोर्टालाही ती देताना जड जात नाही. सहा महिन्यांच्या निलंबनात वेळेवर झालेला अपिलाचा निर्णय हा बऱ्याचदा मिळू शकणारा सर्वांत मोठा दिलासा असतो. शिक्षा प्रमाणाबाहेर आहे, मॉनिटरिंग पायलटला आणि विमान उडवणाऱ्याला सारखंच मोजलं, हे मुद्देही अपिलात जास्त चालतात. कोर्ट आदेश कायदेशीर आहे का ते पाहतं. सहाऐवजी तीन महिने योग्य झाले असते का, यात ते क्वचित शिरतं.

कोर्ट कोणतं, हा प्रश्न नागपूरकरांना नेहमी पडतो. कारवाईचं कारण अंशतः जिथे घडलं तिथल्या हायकोर्टात रिट करता येते, म्हणून नागपूर खंडपीठाचा विचार मनात येणं साहजिक आहे. पण ईमेल नागपुरात उघडली, एवढ्यावर अधिकारक्षेत्र टिकेल असं गृहीत धरू नका. घटना कुठल्या विमानतळावर घडली, तुमचा बेस कुठला, सुनावणी कुठे झाली, हे पाहिलं जातं. डीजीसीएचं मुख्यालय दिल्लीत असल्याने दिल्ली हायकोर्टात हा वाद सहसा उद्भवत नाही. नागपुरात हजेरीचा खर्च वाचतो खरा, पण पहिल्या दोन तारखा अधिकारक्षेत्राच्या वादातच गेल्या तर बचत कसली?

स्वतः उभं राहण्याबद्दल. कायद्याने मनाई नाही. पण बॉम्बे हायकोर्टात पार्टी-इन-पर्सनला आधी रजिस्ट्रीच्या समितीपुढे जाऊन आपण बाजू मांडू शकतो हे दाखवावं लागतं. पिटिशनमधल्या त्रुटी काढणं, पानं क्रमांकित करणं, प्रतिवादींना बजावणी करून तिचं अ‍ॅफिडेव्हिट लावणं, बोर्डावर (सुनावण्यांच्या यादीवर) लक्ष ठेवणं, यात नवख्या माणसाचे आठवडे जातात, आणि तुमच्याकडे आठवडेच मोजके आहेत. सर्वांत घातक चूक वेगळीच : अडचणीचा कागद न जोडणं. ते स्टेटमेंट तुम्ही वगळलं आणि समोरच्या वकिलाने ते काढून दाखवलं, तर ‘वस्तुस्थिती दडवली’ एवढ्या कारणावरून रिट फेटाळली जाऊ शकते.

वकील कोणता? विमानातलं कळणारा शोधत फिरू नका. अ‍ॅप्रोच म्हणजे काय हे तुम्ही त्याला अर्ध्या तासात समजावू शकता. प्रशासकीय कायदा त्याला तुम्ही शिकवू शकत नाही. सरकारी आदेशांविरुद्ध रिट आणि सर्व्हिस मॅटर (नोकरीविषयक प्रकरणं) नियमित चालवणारा वकील घ्या. कंपनीचा वकील ‘फुकटात बघतो’ म्हणाला तरी नको. त्याचा पक्षकार कंपनी आहे. ट्रेनिंग कमी पडलं किंवा रोस्टर दमवणारा होता, हे तुमचे मुद्दे असतील तर ते तो मांडणार नाही. कॅप्टनबरोबर एकच वकील तर अजिबात नको, कारण तुमचा बचाव त्यांच्याविरुद्ध जातो. वैमानिक संघटनेचे सदस्य असाल तर तिथे आधी विचारा. अशी प्रकरणं त्यांनी पाहिलेली असतात आणि कधी कधी वकिलाचं पॅनेलही असतं.

फी टप्प्यांत ठरवा : पहिली बैठक, अपिलाचा मसुदा, अपिलाची सुनावणी, रिट दाखल करणं, प्रत्येक हजेरी. सिनिअर कौन्सिल लागला तर त्याची फी वेगळी, हेही आधी विचारून घ्या. ‘जिंकलो तर इतके टक्के’ हा करार करू नका. बार कौन्सिलच्या नियमांनुसार तो वकिलाला करताच येत नाही, आणि जो तरी करतो त्याच्याबद्दल तुम्हाला आणखी काही समजायची गरज नाही. तुमच्या खिशाला झेपेल असा मध्यम मार्ग म्हणजे पहिली बैठक आणि अपिलाचा मसुदा वकिलाकडून, आणि घटनाक्रमाचा तक्ता, कागदांची यादी, तांत्रिक खुलासा तुम्ही स्वतः. वकीलपत्रावर सही रिटची वेळ आली तरच.

दरम्यान ऑर्डर पाळा. कोणतं लायसन्स निलंबित आहे ते तिच्यात नीट पाहा आणि त्याच्या अधिकारातलं काहीही करू नका, फ्लाइंग क्लबमध्ये मित्राच्या हट्टाखातरसुद्धा नाही. लायसन्स जमा करायला सांगितलं असेल तर ठरल्या दिवशी, पोच घेऊन. समाजमाध्यमांवर आणि पायलटांच्या ग्रुपवर प्रकरणाबद्दल एक शब्द नको. तिथले स्क्रीनशॉट सुनावणीत पोहोचतात. क्लास वन मेडिकलची तारीख पाहून ठेवा आणि निलंबनाच्या काळात ते लॅप्स होऊ देऊ नका. ९० दिवसांतली ३ टेक-ऑफ आणि ३ लँडिंग ही रीसेन्सी (अलीकडच्या सरावाची अट) तुमची जाणारच, प्रोफिशिअन्सी चेकही (कौशल्याची चाचणी) कदाचित मागे पडेल; म्हणून निलंबन संपण्याच्या महिनाभर आधीच सिम्युलेटरच्या तारखेसाठी कंपनीला लेखी कळवा, नाहीतर सहा महिन्यांचे आठ होतात. पगार थांबला असेल तर कंपनीने तो कोणत्या नियमाखाली थांबवला हेही लेखी विचारून ठेवा. तो वाद नियामकाशी नाही, कंपनीशी आहे. त्याची फाइल वेगळी करा आणि पहिल्या बैठकीला दोन्ही फायली घेऊन जा.